२४९ ग्रॅमचा ड्रोन

माझ्या ड्रोनच्या मागच्या हातावर ‘२४९ ग्रॅम’ असे वजन छापलेले आहे. खरेदीच्या वेळी दुकानदाराने त्या आकड्यावर बोट ठेवून सांगितले होते की अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला जगात कुठेही काही लागत नाही. मीही तीन वर्षे हेच वाक्य इतरांना सांगत होते. २०२४ च्या मे महिन्यात ताईकडे इंग्लंडला जायचे ठरले, तेव्हा व्हिसा, तिकिटे आणि तिला न्यायचा गोडा मसाला यांची जमवाजमव करताना ड्रोनबद्दल वेगळा विचार करण्याची गरज मला वाटली नाही. निघायला महिनाभर उरला असताना ताईच्या अकरा वर्षांच्या मुलाने फोनवर सहज विचारले, ‘‘मावशी, तुझा ऑपरेटर आयडी आला का?’’ त्याच्या शाळेतल्या एका मित्राच्या वडिलांकडे ड्रोन होता आणि त्यावर चिकटवलेला क्रमांक त्याने पाहिला होता. माझा शोध तिथून सुरू झाला.

दुकानदाराचे म्हणणे पूर्ण खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला ‘नॅनो’ म्हणतात आणि तो उडवायला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. मात्र सवलत अशा प्रमाणपत्रांपुरती आहे. ड्रोन कुठे उडवायचा, यावरची बंधने वजनाने सैल होत नाहीत. शिवाय हा आकडा प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने वाचतो. जपानने जून २०२२ पासून नोंदणीची मर्यादा १०० ग्रॅमवर आणली, त्यामुळे माझा ड्रोन तिथे ‘जड’ ठरतो. युरोपीय संघाच्या नियमांत २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही कॅमेरा असेल आणि तो खेळणे म्हणून बनवलेला नसेल, तर चालवणाऱ्याची नोंदणी लागतेच. त्या वेळचा ब्रिटनचा नियमही साधारण असाच होता. ब्रिटनमध्ये दोन वेगळे क्रमांक असतात. ड्रोनची जबाबदारी ज्याची, त्याचा ऑपरेटर आयडी आणि प्रत्यक्ष कंट्रोलर हातात धरणाऱ्याचा फ्लायर आयडी. माझ्या वजनाच्या ड्रोनला फ्लायर आयडी ऐच्छिक होता, पण कॅमेऱ्यामुळे ऑपरेटर आयडी सक्तीचा होता. पाहुण्यांना यातून सूट नाही. नोंदणी न करता उडवले तर दंड एक हजार पौंडांपर्यंत जाऊ शकतो.

इतकी कडक व्यवस्था का, याचे निदान एक उत्तर लंडनच्या गॅटविक विमानतळावर सापडते. १९ ते २१ डिसेंबर २०१८ या काळात, नाताळच्या ऐन गर्दीत, धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याच्या बातम्यांवरून तो विमानतळ पुनःपुन्हा बंद ठेवावा लागला. सुमारे एक हजार उड्डाणांना आणि एक लाख चाळीस हजार प्रवाशांना त्याचा फटका बसला, आणि हे कोणी केले ते शेवटपर्यंत उघड झाले नाही. मार्च २०१९ मध्ये विमानतळांभोवतीचे बंदीक्षेत्र वाढवण्यात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेर नोंदणी सक्तीची झाली.

नोंदणी ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. ऑपरेटर आयडीला वर्षाला साधारण अकरा पौंड पडले. वय १८ पूर्ण हवे, एवढीच मोठी अट. माझे काम वीस मिनिटांत झाले, आणि जीबीआर-ओपी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक ईमेलवर आला. फ्लायर आयडीसाठी ऑनलाइन परीक्षा असते. ४० बहुपर्यायी प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी ३० बरोबर, फी शून्य, आणि नापास झाल्यास पुन्हा हवे तितक्या वेळा प्रयत्न. ड्रोन संहिता, म्हणजे ड्रोन उडवण्याच्या नियमांची पुस्तिका, शेजारी उघडी ठेवून उत्तरे लिहायलाही मनाई नाही. ही परीक्षा मला सक्तीची नव्हती, तरी मी दिली, कारण भाच्याला ड्रोन उडवायचा होता आणि त्याला ‘आधी परीक्षा’ असे सांगण्याआधी मी स्वतः ती दिलेली असावी असे मला वाटले. तेरा वर्षांखालील मुलांच्या नोंदणीच्या वेळी आई किंवा वडील सोबत असावे लागतात, त्यामुळे ताईलाही तासभर त्याच्या शेजारी बसून गर्दी म्हणजे नेमके काय, ड्रोन नजरेच्या टप्प्यात म्हणजे किती अंतरावर, असल्या प्रश्नांशी झुंजावे लागले. त्याला ४० पैकी ३७ मिळाले आणि मला ३४. हा निकाल घरातल्या प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवण्यात आला.

त्या ऐच्छिक परीक्षेचा उपयोग पुढे झाला. ब्रिटनने १ जानेवारी २०२६ पासून मर्यादा १०० ग्रॅमवर आणली आणि माझ्या ड्रोनसाठी आता फ्लायर आयडीही सक्तीचा आहे. तो पाच वर्षे चालतो, ऑपरेटर आयडीचे मात्र दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

परदेशातल्या नियमांइतकेच, किंबहुना जास्त, लक्ष आपल्या स्वतःच्या सीमाशुल्क विभागाच्या नियमांकडे द्यावे लागते, आणि नेमके हेच अनेकांच्या गावी नसते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात तयार परदेशी ड्रोन आणायला बंदी आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांसारख्या कामांचे अपवाद आहेत, पण हौशी प्रवासी त्यात बसत नाही. माझा ड्रोन २०२१ सालचा, नाशिकला पावतीसह घेतलेला. पण परत येताना विमानतळावर उतरल्यावर तो ‘आत्ता आणलेला’ नसून ‘इथूनच नेलेला’ आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझी. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या सीमाशुल्क घोषणापत्रात ड्रोनचा उल्लेख स्वतंत्रपणे केलेला आहे, म्हणजे ‘विचारले नाही म्हणून सांगितले नाही’ ही सोय नाही. यावरचा उपाय म्हणजे जातानाच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेणे. मौल्यवान दागिने किंवा महागडा कॅमेरा नेणारे जे प्रमाणपत्र घेतात, तेच हे. त्यावर वस्तूचे वर्णन, अनुक्रमांक आणि किंमत लिहिलेली असते आणि परतताना तेवढे दाखवले की वस्तू जुनीच ठरते.

अडचण क्रमाची आहे. ड्रोन चेक-इनच्या बॅगेत ठेवायचा असेल, तर ती बॅग विमान कंपनीच्या ताब्यात जाण्याआधी अधिकाऱ्याला ड्रोन दाखवायला हवा. म्हणून मुंबई विमानतळावर मी नेहमीपेक्षा दीड तास आधी पोहोचले, बॅग न देता आधी काउंटरवर चौकशी केली आणि सीमाशुल्काच्या अधिकाऱ्यांना गाठले. त्यांनी पावती पाहिली, ड्रोनची बॅटरी काढून आतल्या खोबणीत छापलेला अनुक्रमांक पावतीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला आणि शांतपणे तो कागदावर उतरवून शिक्का मारला. हे व्हायला चाळीस मिनिटे लागली, त्यातली तीस रांगेत गेली. बॅटऱ्या मात्र चेक-इनच्या बॅगेत ठेवता येत नाहीत. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. माझ्या एका बॅटरीची क्षमता १७ वॉट-तासांच्या आसपास आहे. तिन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून मी त्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या होत्या. सुरक्षा तपासणीत त्या बाहेर काढून दाखवाव्या लागल्या, एवढेच.

ताईचे घर हाऊन्स्लो भागात, हीथ्रो विमानतळाच्या पूर्वेला आहे. परसदारी कपडे वाळत घालताना डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची चाके मोजता येतात. भाच्याची पहिली इच्छा अर्थातच त्याच परसात ड्रोन उडवण्याची होती. मी काही बोलण्याआधी त्याने स्वतःच फोनवर ड्रोनबंदीची क्षेत्रे दाखवणारा हवाई नकाशा उघडला, आणि त्याचे घर लाल रंगात पूर्ण बुडालेले पाहून तो गप्प झाला. विमानतळाभोवती दोन ते अडीच सागरी मैल त्रिज्येचे वर्तुळ आणि प्रत्येक धावपट्टीच्या टोकापासून पुढे पाच किलोमीटर लांब व एक किलोमीटर रुंद पट्टा, असा या बंदीक्षेत्राचा आकार असतो. तिथे परवानगीवाचून ड्रोन एक मीटरही उचलता येत नाही, मग त्याचे वजन कितीही असो. मध्य लंडनमध्ये हाइड पार्कसारख्या राजोद्यानांत वेगळी बंदी, विंडसरच्या किल्ल्यावर २०२२ पासून आणखी वेगळी. थोडक्यात, लंडनमध्ये ड्रोन कपाटात राहिला.

तिथे एक काम मात्र उरकले, आणि ते पुढे महागात पडणार होते. ऑपरेटर आयडी ड्रोनवर लावावा लागतो. अक्षरे स्पष्ट, तीन मिलिमीटरपेक्षा उंच, आणि क्रमांक बाहेरून दिसेल असा किंवा हत्याराशिवाय सहज उघडता येणाऱ्या कप्प्यात असावा, असा नियम आहे. भाच्याने शाळेच्या वह्यांवर नावे छापायच्या यंत्रावर सुबक पट्टी छापली आणि बाहेर लावली तर पावसात निघेल म्हणून बॅटरीच्या खोबणीत चिकटवली. भाऊजींनी पंख्यांना संरक्षक जाळी लावण्याची सूचना केली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पट्टीसकट ड्रोन २४७ ग्रॅम भरला आणि जाळी लावताच आकडा अडीचशेच्या पुढे गेला. उड्डाणाच्या वेळी ड्रोनवर जे जे असेल ते सगळे वजनात धरतात. माणसांपासून ५० मीटर आणि वस्तीपासून १५० मीटर अंतर ठेवण्याचे नियम त्या जाळीने आमच्यावर ओढवून घेतले असते, म्हणून ती काढून ठेवली.

प्रत्यक्ष उड्डाण झाले ते इंग्लंडच्या वायव्येकडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तलावांच्या प्रदेशात. केझिक गावाजवळच्या डरवेंटवॉटर तलावाच्या काठावर कॅटबेल्स नावाची ४५१ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून ड्रोन सोडायचा आणि तलावाकडे न्यायचा, असे चित्र मी नाशिकहून निघतानाच डोळ्यांपुढे रंगवले होते. ते दोन कारणांनी बारगळले. पहिले कारण जमिनीच्या मालकीचे. या परिसरातली बरीच जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेची आहे. टेकडीच्या पायथ्याचे ब्रँडलहाऊ हे रान तर संस्थेने या भागात १९०२ साली घेतलेली पहिली जमीन. आपल्या जमिनीवर परवानगीवाचून ड्रोन उडवायला ही संस्था १९६५ च्या उपविधींच्या आधारे मनाई करते. हवाई नकाशावर ही जागा मोकळी दिसते, कारण तो नकाशा आकाशाचा असतो. पाय कोणाच्या जमिनीवर आहेत हे तो सांगत नाही. हा भेद परीक्षेतल्या प्रश्नांनी माझ्या डोक्यात नीटसा उतरवला नव्हता, तो गाडीतळावरच्या पाटीने उतरवला.

दुसरे कारण उंचीचे, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. मर्यादा १२० मीटर आहे, पण ती ड्रोनच्या सर्वांत जवळच्या जमिनीपासून मोजायची असते. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणारी उंची मात्र ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची असते. जमीन सपाट असेल तर दोन्ही आकडे एकच. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, समपातळी रेषांचे नकाशे वाचण्यात माझी वीस वर्षे गेली, तरीही हा फरक मी कागदावर आकृती काढेपर्यंत लक्षात घेतला नव्हता. कॅटबेल्सच्या माथ्यावरून ड्रोन तलावाच्या मध्यावर नेला आणि पडद्यावर उंची शून्य दाखवत राहिली, तरी तलावाची पातळी समुद्रसपाटीपासून पाऊणशे मीटरच्या आसपास असल्याने ड्रोन पाण्याच्या वर पावणेचारशे मीटर असणार, म्हणजे परवानगीच्या तिपटीहून अधिक. कोकणकड्यावर उभे राहून ड्रोन दरीत सोडण्याची कल्पना केली की हे पटकन कळते. उलट, पायथ्याहून उडवून उतारालगत वर नेला तर पडद्यावर २०० मीटर दिसले तरी जमीन खाली ५० मीटरवर असू शकते, आणि ते नियमात बसते. ॲपमध्ये १२० ची कमाल मर्यादा घातली की आपण सुरक्षित, हा समज दोन्ही बाजूंनी फसवा आहे. पहिल्या प्रकारात ॲप तुम्हाला अडवत नाही, दुसऱ्यात विनाकारण अडवते.

शेवटी जागा मिळाली ती आम्ही उतरलो होतो त्या शेतघराच्या मालकाकडून. न्यूलँड्सच्या खोऱ्यात त्यांचे मेंढ्यांचे कुरण आहे. ड्रोन उडवू का, असे विचारताच त्यांनी ‘‘कधी, किती वेळ, कोणत्या बाजूला’’ असे तीन प्रश्न केले. मेंढ्या नुकत्याच व्याल्या होत्या, कोकरे अजून पायांवर नीट उभी नव्हती, म्हणून वरच्या कुरणाकडे अजिबात जायचे नाही आणि खालच्या दगडी भिंतीपलीकडच्या रिकाम्या शेतातूनच उडवायचा, असे त्यांनी ठरवून दिले. हे कोणत्याही संहितेत या शब्दांत लिहिलेले नसेल, पण मला मिळालेल्या सगळ्या सूचनांत ही सर्वांत नेमकी होती.

त्या संध्याकाळी, मंगळवारी, आम्ही दोनदा ड्रोन उडवला. पहिल्यांदा मी चौदा मिनिटे, आणि मग भाचा माझ्या शेजारी उभा राहून सहा मिनिटे. त्या सहा मिनिटांतल्या पाचव्या मिनिटाला खोऱ्याच्या तोंडाकडून घुमल्यासारखा आवाज आला. भाच्याने वर पाहिले, आणि त्याला काही दिसण्याआधीच मी ‘‘खाली घे’’ म्हणाले. ड्रोन जमिनीपासून वीसेक मीटरवर आला असेल तेवढ्यात दोन लढाऊ विमाने डोंगरमाथ्याच्या खालून, खोऱ्याच्या वळणाने निघून गेली. त्यांचा आवाज ती दिसेनाशी झाल्यावर येऊन आदळला. ब्रिटनमध्ये लष्करी विमानांना सरावासाठी जमिनीपासून २५० फूट, म्हणजे जेमतेम ७६ मीटरपर्यंत खाली उडण्याची मुभा असते, आणि काही ठरावीक क्षेत्रांत त्याहूनही खाली. ड्रोनची कमाल मर्यादा १२० मीटर आहे. म्हणजे ‘विमाने वर आणि आपण खाली’ अशी जी विभागणी मी मनात गृहीत धरली होती, ती डोंगराळ खोऱ्यात नसतेच. हा सराव मुख्यतः कामाच्या दिवशी चालतो, हे शेतमालकांनी चहाच्या वेळी सांगितले आणि शनिवारी का नाही उडवलात, असेही विचारले. पुढचे दोन दिवस ड्रोन बॅगेतच राहिला.

लंडनला परतल्यावर भाऊजींच्या एका मित्राने त्याच्या नव्या रेस्टॉरंटचे वरून चित्रण करून देण्याबद्दल विचारले आणि मोबदलाही देऊ केला. हौशी वापराला वीस किलोपेक्षा हलक्या ड्रोनसाठी तिथे विम्याची सक्ती नाही, पण पैसे घेतले की वापर हौशी राहत नाही आणि विमा सक्तीचा होतो. शिवाय मी प्रवासी व्हिसावर होते, तेव्हा तो प्रश्न विम्यापर्यंत पोहोचण्याआधीच संपला. पॅरिसच्या चार दिवसांतही ड्रोन ताईकडेच ठेवला. ब्रिटन युरोपीय विमान सुरक्षा व्यवस्थेतून २०२० च्या अखेरीस बाहेर पडल्याने ब्रिटिश क्रमांक फ्रान्समध्ये चालत नाही, वेगळी नोंदणी करावी लागते. आणि ती केली असती तरी शहरी वस्तीतल्या सार्वजनिक जागांवर हौशी उड्डाणाला तिथे तेव्हा मनाईच होती.

मुंबईला उतरल्यावर मी घोषणापत्रात ड्रोन लिहिला, सीमाशुल्काला सामान दाखवायच्या रेड चॅनेलमध्ये गेले आणि निर्यात प्रमाणपत्र पुढे केले. मनात कसलीही धाकधूक नव्हती. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र वाचले, ड्रोन मागितला, बॅटरी काढली आणि आत पाहून मला विचारले, ‘‘नंबर कुठे आहे?’’ भाच्याची सुबक पट्टी नेमकी छापील अनुक्रमांकावर बसली होती. मी नखाने ती सोडवायला घेतली, तर पट्टी निघाली खरी, पण तिच्याबरोबर मूळ लेबलचा पापुद्राही सुटला आणि शेवटचे चार आकडे अस्पष्ट झाले. प्रमाणपत्र खरे, ड्रोन खरा, आणि दोघांना जोडणारा पुरावा माझ्या नखाखाली. ‘‘हा दुसरा नंबर कसला?’’ हाही प्रश्न आला, आणि परदेशी क्रमांकाची पट्टी असलेला ड्रोन भारतातूनच नेलेला आहे हे समजावताना मला माझेच बोलणे संशयास्पद वाटू लागले.

सुटका झाली ती दोन गोष्टींमुळे. जाताना प्रमाणपत्र मिळाल्यावर मी सवयीने ड्रोनच्या खोक्याचा, पावतीचा आणि उघड्या खोबणीचा फोटो काढून ठेवला होता, आणि त्यात पूर्ण अनुक्रमांक वाचता येत होता. पण फोटो कोणत्याही ड्रोनचा असू शकतो, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे रास्तच होते. मग बॅटरी बसवून, पंखे काढून, तिथल्या टेबलावर ड्रोन आणि कंट्रोलर सुरू केला आणि फोनवरच्या ॲपमध्ये दिसणारा अनुक्रमांक प्रमाणपत्राशी एकेक अक्षर मिळवून दाखवला. पाऊण तासाने त्यांनी कागदावर सही केली आणि परदेशी पट्टी पुन्हा लावायची असेल तर बाहेरच्या बाजूला लावा, असे सांगून ड्रोन परत दिला.

नव्या नोंदणीची पट्टी आता मागच्या हातावर आहे. तिथे जागा अरुंद असल्याने छापलेल्या ‘२४९ ग्रॅम’पैकी फक्त ‘ग्रॅम’ दिसते.